गाड्याबरोबर नळ्याची यात्रा: लायबेरियन लोकांची २८ वर्षं आणि सिनेटर जॅक रीड

२० डिसेंबर २०१९ ला वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळावर ट्रम्प यांनी संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्यावर सही केली. बातम्यांत गाजली ती 'स्पेस फोर्स'. सरकारी नोकरांना मूल झाल्यावर १२ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, त्याचीही थोडीफार चर्चा झाली. त्याच कायद्याच्या पोटात कलम ७६११ होतं. रणगाडे, क्षेपणास्त्रं, सैनिकांचे पगार यांच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. अमेरिकेत वर्षानुवर्षं अधांतरी राहिलेल्या लायबेरियन नागरिकांना ग्रीन कार्ड देणारं ते कलम होतं. ते तिथे कसं पोचलं, हे समजून घेतलं की अमेरिकेत स्थलांतरितांची कामं होतात कशी आणि अडतात कुठे, हे बरंचसं उलगडतं.

ते तिथे नेणाऱ्यांत पहिलं नाव ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॅक रीड यांचं. १९४९ चा जन्म, वडील शाळेत शिपाई, स्वतः वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १९७१ ला बाहेर पडलेले, ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये नोकरी, मग हार्वर्डची कायद्याची पदवी. १९९१ पासून प्रतिनिधीगृहात, १९९७ पासून सिनेटमध्ये. आफ्रिकेशी ना रक्ताचं नातं, ना धंद्याचं. पण प्रॉव्हिडन्स आणि आसपासच्या गावांत लायबेरियन वस्ती मोठी. ऱ्होड आयलंडची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. एवढ्याशा राज्यात काही हजारांचा समाज सिनेटरच्या नजरेआड राहूच शकत नाही. कॅलिफोर्नियात तेवढेच लोक असते तर त्यांना सिनेटरच्या कार्यालयातल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याची भेट मिळवायलाही घाम फुटला असता.

आता थोडं मागे. २४ डिसेंबर १९८९ ला चार्ल्स टेलरच्या बंडखोरांनी लायबेरियाच्या निंबा प्रांतात घुसून युद्ध पेटवलं. पुढच्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष सॅम्युएल डो मारला गेला. अमेरिकेत शिकायला, कामाला, नातेवाइकांकडे आलेल्यांना परत जायला देशच उरला नाही. मार्च १९९१ मध्ये अमेरिकेने त्यांना टीपीएस दिलं, म्हणजे तात्पुरतं संरक्षण: मायदेशी परिस्थिती सुधारेपर्यंत राहा, काम करा. ज्या कायद्याने हे देता येतं तो १९९० चाच, त्यामुळे त्याचा लाभ मिळालेल्या पहिल्या काही देशांत लायबेरिया होता.

टीपीएसमध्ये एक पाचर आहे आणि ती फारशा लोकांना ठाऊक नसते. टीपीएसची कितीही वर्षं भरली तरी ती ग्रीन कार्डासाठी मोजली जात नाहीत. बरं, काँग्रेसने नवा कायदा करून ती मोजायची ठरवली तर? स्थलांतर कायद्याच्या कलम २४४ (एच) मध्ये सिनेटने स्वतःचेच हात बांधून घेतलेत. टीपीएसधारकांना कायमचं करणारं विधेयक सिनेटमध्ये नुसतं विचारात घ्यायलासुद्धा तीन-पंचमांश, म्हणजे १०० पैकी ६० मतं हवीत. फिलिबस्टरमुळे, म्हणजे चर्चा लांबवून मतदान अडवण्याच्या सिनेटच्या रिवाजामुळे, ६० चा आकडा तसाही सगळीकडेच आडवा येतो, पण इथे तो कायद्याच्या मजकुरातच लिहून ठेवलाय.

१९९७ मध्ये लायबेरियात निवडणूक झाली, टेलरच निवडून आला, आणि कागदावर युद्ध संपलं. १९९९ च्या सप्टेंबरअखेर टीपीएस बंद होणार होतं. क्लिंटन यांनी ऐन वेळी दुसरी वाट काढली: डीईडी. सुमारे १० हजार लोकांचा प्रश्न तात्पुरता मिटला.

डीईडी म्हणजे हद्दपारीची अंमलबजावणी लांबणीवर टाकणं. या दोन्हींमधला फरक इथे नीट पाहायला हवा, कारण पुढची सगळी ओढाताण त्यावरच आहे. टीपीएस कायद्याने मिळतं. त्यासाठी अर्ज करायचा, नोंदणी होते, मंजुरीचा कागद हातात येतो. डीईडीला कायद्यात कलमच नाही. परराष्ट्र धोरण चालवण्याच्या राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारातून ते येतं. त्यासाठी अर्ज नाही, मंजुरीपत्र नाही. राष्ट्राध्यक्षांच्या ज्ञापनात तुमचं वर्णन बसलं की तुम्ही त्यात आलात. हातात कागद असतो तो एकच: कामाचा परवाना, त्यासाठी आय-७६५ भरायचा, आणि कार्डावर वर्ग छापून येतो ए-११. तारीख संपली आणि नवं ज्ञापन निघालं नाही, तर आदल्या दिवशीपर्यंत कायदेशीर असलेला माणूस सकाळी उठून बेकायदा.

ज्ञापनं निघायची कधी, तेही पाहण्यासारखं आहे. २००२ ला लायबेरियातल्या दुसऱ्या यादवी युद्धामुळे पुन्हा टीपीएस दिलं गेलं होतं, ते १ ऑक्टोबर २००७ ला संपणार होतं. बुश यांनी १२ सप्टेंबरला डीईडी जाहीर केलं, मुदत ३१ मार्च २००९ पर्यंत. पुढची मुदतवाढ ओबामा यांनी दिली २० मार्च २००९ ला, म्हणजे ११ दिवस आधी. २०१९ ला तर ३१ मार्चच्या मुदतीला २८ मार्चला वाढ मिळाली. तीन दिवस. या लोकांतले पुष्कळजण वृद्धाश्रमांत, रुग्णसेवेत काम करतात. व्यवस्थापकाला पुढच्या महिन्याचं ड्यूटीचं वेळापत्रक आधी लावायचं असतं, आणि परवान्याची तारीख उलटलेल्या माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणं मालकाला कायद्याने मना. वाढ जाहीर झाली तरी नवं छापील कार्ड यायला महिने लागतात, म्हणून सरकार जुनी कार्डं सहा महिने आपोआप ग्राह्य धरतं. पण ते लिहिलेलं असतं फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रातल्या सूचनेत. कार्डावर जुनीच तारीख. एचआरमधल्या माणसाला ती सूचना छापून नेऊन दाखवावी लागते, आणि वाहन परवान्याच्या खिडकीवरचा कारकून ती वाचेलच असं नाही. वाहन परवाना कामाच्या परवान्याला बांधलेला, त्यामुळे गाडी चालवणंही अडतं.

शिवाय दर खेपेला चाळणी बारीक होत गेली. २००७ च्या डीईडीत बसायला ३० सप्टेंबर २००७ रोजी टीपीएस हातात असायला हवं होतं आणि १ ऑक्टोबर २००२ पासून अमेरिकेत सलग मुक्काम हवा होता. २००३ साली राजधानी मन्रोव्हियावर तोफगोळे पडत असताना जे पळून आले, ते या हिशेबात बाहेर. एखाद्या वर्षी नूतनीकरण चुकलेलेही बाहेर. शेवटी शेवटी डीईडीच्या परवान्यावर असलेले लायबेरियन हजाराच्याही आत उरले होते.

रीड यांचं विधेयक आलं १९९९ ला. नाव लायबेरियन रेफ्युजी इमिग्रेशन फेअरनेस ॲक्ट, बोली भाषेत एलआरआयएफ. नाव मुद्दाम निवडलेलं: १९९८ ला हैतीच्या लोकांसाठी याच धाटणीच्या नावाचा कायदा झाला होता, त्याआधी १९९७ ला निकाराग्वा आणि क्यूबावाल्यांसाठी 'नाकारा' (NACARA) नावाचा कायदा. मागणी नवी नाही, पायंडा आहे, हे शीर्षकातूनच सांगायचं. पण अमेरिकन काँग्रेसचं आयुष्य दोन वर्षांचं. ती विसर्जित झाली की अर्धवट राहिलेलं प्रत्येक विधेयक मरतं, नव्या क्रमांकाने पुन्हा मांडावं लागतं, पुन्हा सहप्रस्तावक गोळा करावे लागतात. हे रीड यांनी वीस वर्षं केलं. विधेयक जायचं न्याय समितीकडे, आणि तिथे घोंगडं भिजत पडायचं. समितीला ते नापसंत होतं असं नाही. एका देशाचं काढलं तर एल साल्वादोर, होंडुरास, सुदान सगळेच रांगेत उभे राहतील, मग 'सगळ्यांचं एकदमच करू' असं म्हणायचं आणि एकदम काहीच करायचं नाही, ही तिथली रीत. २०१३ ला सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मोठं स्थलांतर विधेयक मंजूर केलं, त्यात लायबेरियनांसाठीही तरतूद घालून घेतली होती. प्रतिनिधीगृहाने ते मतदानालाच घेतलं नाही.

या वीस वर्षांत रीड यांचं काम दोन पातळ्यांवर चालू होतं. दर बारा-अठरा महिन्यांनी व्हाइट हाउसला सह्यांचं पत्र, म्हणजे डीईडी तरी टिकावं. आणि विधेयकाचा मजकूर कायम अद्ययावत. मला यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं. पत्रं सगळेच लिहितात. पण संधी आली तेव्हा वकिलांनी तपासलेली, खर्चाचा अंदाज झालेली, पायंड्याशी जुळणारी चार पानं ज्याच्या टेबलावर तयार असतात, त्याचंच काम होतं.

कट-ऑफ तारखेचं उदाहरण घ्या. कायद्यात शेवटी २० नोव्हेंबर २०१४ ही तारीख आली. ती आभाळातून पडलेली नाही. त्या वर्षी इबोलामुळे लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओन यांना टीपीएस मिळालं, आणि त्यासाठी मुक्काम मोजायची तारीख हीच होती. स्थलांतर खात्याने स्वतः वापरलेली तारीख कायद्यात घातली की तिच्यावर वाद घालायला जागा उरत नाही. आणि २००७ च्या चाळणीतून गळलेले सगळे पुन्हा आत येतात.

मार्च २०१८ ला ट्रम्प यांनी जाहीर केलं: डीईडी बंद, आवरायला एक वर्ष, ३१ मार्च २०१९. इथून चक्रं जोरात फिरली. मिनेसोटात ब्रुकलिन पार्क आणि ब्रुकलिन सेंटर या उपनगरांत देशातली सर्वांत मोठी लायबेरियन वस्ती. ब्रुकलिन सेंटरने नोव्हेंबर २०१८ ला लायबेरियात जन्मलेले माइक एलियट यांना महापौर निवडून दिलं. मिनेसोटाच्या सिनेटर टीना स्मिथ आणि एमी क्लोबुशार, प्रतिनिधीगृहात डीन फिलिप्स आणि ऱ्होड आयलंडचे डेव्हिड सिसिलीनी हे सगळे या कामात होते. आफ्रिकन कम्युनिटीज टुगेदर आणि अनडॉक्युब्लॅक नेटवर्क या संघटनांनी मार्च २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल न्यायालयात दावा ठोकला. तीन आठवड्यांत ती तीन दिवस आधीची मुदतवाढ आली: ३० मार्च २०२० पर्यंत, आणि ज्ञापनात काँग्रेसने वाटल्यास तोडगा काढावा असा सूर.

आता गाडा. अमेरिकेचा संरक्षण अधिकार कायदा, एनडीएए, १९६१ पासून दरवर्षी न चुकता मंजूर होतो. तो अडवला तर 'सैनिकांच्या विरोधात' असा शिक्का बसतो, म्हणून कुणीच अडवत नाही. त्याचा अंतिम मजकूर दोन्ही सभागृहांच्या सशस्त्र सेवा समित्यांचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य असे चौघे मिळून ठरवतात. २०१९ ला सिनेटच्या समितीवर विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य कोण होते? जॅक रीड. न्याय समितीत वीस वर्षं अडलेला मजकूर त्यांनी आपल्या हातातल्या गाड्याला बांधला. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. प्रतिनिधीगृहात ३७७ विरुद्ध ४८, सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ८. साठचा अडसर आपोआप पार. जे ट्रम्प आफ्रिकी देशांबद्दल काय बोलले होते ते जगाला माहीत होतं, त्यांच्याच सहीने.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांना यापुढचे फॉर्मचे आकडे तोंडपाठ असतील. अर्ज तोच आपला आय-४८५. सोबत आय-६९३ ची वैद्यकीय तपासणी, कामाच्या परवान्यासाठी आय-७६५, बाहेर जाऊन यायचं असेल तर आय-१३१. प्रौढांचं शुल्क तेव्हा बोटांच्या ठशांसह १,२२५ डॉलर, आणि न परवडणाऱ्याला आय-९१२ भरून माफी मागता येत होती. पण मधला सगळा डोंगर नाही: नियोक्ता नको, कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही असं लेबर सर्टिफिकेट नको, रांगेतला नंबर ठरवणारी प्रायॉरिटी डेट नाही, देशनिहाय कोटा नाही. अटी एवढ्याच: लायबेरियन नागरिकत्व, २० नोव्हेंबर २०१४ पासून अर्जाच्या दिवसापर्यंत अमेरिकेत सलग वास्तव्य, आणि सगळ्या परदेशवाऱ्या मिळून १८० दिवसांच्या वर नकोत. पती-पत्नी आणि अविवाहित मुलं बरोबर. व्हिसा संपलेला, तपासणीविना देशात आलेला, सरकारी मदत घेतलेला, यांतलं काहीही आडवं येत नाही. हद्दपारीचा जुना आदेश असला तरी अर्ज करता येतो. त्यासाठी आधी न्यायालयात प्रकरण उघडून घ्यायची गरज नाही. वगळले ते गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले, नैतिक अधःपाताचे दोन किंवा जास्त गुन्हे असलेले, आणि इतरांच्या छळात भाग घेतलेले. युद्धातून आलेल्या समाजात ही शेवटची अट नुसती शोभेची नव्हे.

सगळ्यात सुंदर भाग तारखेचा. ग्रीन कार्ड २०२१ ला मंजूर झालं तरी मुख्य अर्जदाराची कायम निवासाची नोंद होते २० नोव्हेंबर २०१४ पासूनची. नागरिकत्वाची पाच वर्षं तिथूनच मोजायची, म्हणजे ती कायद्यावर सही व्हायच्या आधीच भरलेली. कार्ड मिळालं की लगेच एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरायला मोकळे. जोडीदार आणि मुलांची तारीख मात्र ते अमेरिकेत आले तेव्हाची, २०१४ नंतर आले असतील तर. घरातल्या चौघांच्या कार्डांवर चार तारखा दिसल्या तर ती खात्याची चूक नसते.

एवढं सोपं असूनही पहिल्या वर्षी अर्ज अपेक्षेपेक्षा फार कमी आले. कारणं साधी आणि चिवट.

कायद्याने अर्जाला एकच वर्ष दिलं, २० डिसेंबर २०२० पर्यंत. १८ मार्च २०२० ला महासाथीमुळे खात्याची कार्यालयं बंद झाली, ती जूनमध्ये उघडू लागली. आय-६९३ लिहून देणारे डॉक्टर, मोफत मदत करणारे वकील, चर्चमधली शिबिरं, सगळं ठप्प. आणि अर्जदार तर वृद्धाश्रमांत दुहेरी पाळ्या करत होते.

दुसरं, नागरिकत्वाचा पुरावा. पासपोर्ट कधीच संपलेला. मन्रोव्हियातली दप्तरं युद्धात गेलेली, जन्मदाखला नाही. अनेक मुलं घानातल्या बुडुबुरामसारख्या छावण्यांत जन्मलेली, त्यांचा दाखला असलाच तर दुसऱ्या देशाचा. अशा वेळी एका कागदावर भिस्त ठेवून चालत नाही: आईचा पासपोर्ट, जुना टीपीएसचा मंजुरीकागद, शाळेचा दाखला, आणि जन्माच्या वेळी हजर असलेल्या नातेवाइकांची शपथपत्रं असा गठ्ठा बांधावा लागतो. मूळ दाखला का मिळत नाही, हे सांगणारं निवेदन त्याच्या वरच लावायचं. ते नसलं की कागदपत्रं मागणारी नोटीस येते आणि प्रकरण तीन-चार महिने मागे पडतं.

तिसरं, सलग वास्तव्य. डीईडीवाल्यांना ते सोपं, पगारपत्रकं असतात. पण जे कुठल्याच वर्गात नव्हते, बहिणीच्या घरी राहिले, रोखीत कमावलं, त्यांच्या नावावर ना भाडेकरार ना विजेचं बिल. कायद्याने अमुकच कागद असं म्हटलेलं नाही, आणि इथेच लोक फसतात: वर्षाला एक कर विवरण जोडून मोकळे होतात. विवरणावरून कमाई कळते, माणूस मार्चमध्ये कुठे होता ते कळत नाही. दोन-तीन महिन्यांत एक तरी तारीखवार कागद बसेल असा तक्ता करून घेतला तर भोकं लगेच दिसतात, आणि ती बुजवायला दवाखान्याच्या भेटी, औषधांच्या दुकानाच्या नोंदी, मुलांच्या शाळेत पालक म्हणून केलेल्या सह्या, गावी पैसे पाठवल्याच्या पावत्या चालतात. कराच्या नोंदी हरवल्या असतील तर कर खात्याचा फॉर्म ४५०६-टी भरून त्या फुकट मागवता येतात. चर्चचं पत्र चालतं, पण 'यांना आम्ही ओळखतो' एवढ्याने नाही. कधीपासून, कुठे, किती वेळा, हे त्यात हवं.

आणि भीती. वीस वर्षं लपून राहिलेल्याला पत्ता लिहून, ठसे देऊन, त्याच खात्याच्या दारात उभं राहायला सांगायचं. वकिलाचं वाक्य त्याला पुरत नाही, शेजारच्याला कार्ड आलेलं दिसायला लागतं.

दुसऱ्या गाड्याची वेळ आली ती इथे. रीड अर्थसंकल्पी विनियोजन समितीवरही आहेत. २० डिसेंबर २०२० ची मुदत उलटली आणि आठवड्याने, २७ डिसेंबरला, वार्षिक खर्चाच्या कायद्यावर सही झाली. त्यात एक ओळ: एलआरआयएफची मुदत २० डिसेंबर २०२१. जानेवारीत बायडेन यांनी पहिल्याच दिवशी डीईडी पुन्हा चालू केलं, म्हणजे अर्ज प्रलंबित असताना कुणाची नोकरी जाऊ नये. कायद्यातही सोय होती, अर्ज १८० दिवसांच्या वर पडून राहिला तर कामाचा परवाना द्यायलाच हवा, पण सहा महिने बिनपगारी कोण काढणार?

हाच गाडा इतरांसाठी थांबलेला नाही. जुलै २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने एनडीएएमध्ये काही मुलांना संरक्षण देणारी एक दुरुस्ती घातली. एच-१बीवर आलेल्या आईबापांबरोबर लहानपणी आलेली, २१ वर्षांची होताच आश्रित व्हिसातून बाहेर पडणारी मुलं, दोन लाखांहून जास्त, त्यांत बहुसंख्य भारतीय. पुण्या-नाशिकची कितीतरी घरं यात आहेत. अंतिम मजकुरातून ती दुरुस्ती काढली गेली. 

आणि इबोलाच्या त्याच साथीत, त्याच नोव्हेंबरच्या तारखेवर टीपीएस मिळालेले गिनी आणि सिएरा लिओनचे लोक? त्यांचं संरक्षण लायबेरियनांच्या बरोबरच २१ मे २०१७ ला संपलं. कलम ७६११ मध्ये त्यांच्या देशांची नावं नाहीत.